पांढरी पाच

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय
‘ध्वनिप्रणाली भाड्याने मिळेल’
आणि गिरणीवाल्या हरडांच्या पोरीचं नाव प्रणाली,
म्हणून शाळेतली पोरं विचारायची,
काय गं, दिवसाचं भाडं किती?
ती पाटीखाली उभी राहून सांगायची,
आधी डिपॉझिट ठेवा.

मुरबाडात माझे दोन कर्णे, चार खोकी,
एक अ‍ॅम्प्लिफायर, उल्हासनगरचा,
ज्याला अर्थिंग कधी नीट लागलंच नाही.
चालू केला की आधी तो गुणगुणतो,
मग माणूस बोलतो.
लोक म्हणायचे, घुडेशेठ, हे आधी बंद करा.
ती म्हणाली, काका, राहू द्या.
पांढरी पाच आहे.
थोडीशी चढी.

गिटार जुनी, तिची एक खुंटी पक्कडीने फिरवायची,
पट्टा म्हणजे म्हशाच्या जत्रेतला बैलाचा कासरा.
गाणी लिहायची ती वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर.
पुढे भात, कणी, कोंडा, किलो,
मागे तिची ओळ.
पावती संपली की कडवं संपलं.

टोकावड्याच्या हळदीत दोन गाणी झाली
आणि नवरदेवाचा मामा नोट नाचवत आला,
उतर पोरी, डीजे लाव.
उतरली.
वायर गुंडाळली, कोपर अंगठा, कोपर अंगठा,
मी शिकवली होती तशी.
सरळगावपर्यंत टेम्पोत बोलली नाही.
मग म्हणाली, मामाचा पाय माझ्याच तालात पडत होता, काका,
त्यालाच कळलं नाही.

तिची आई एमआयडीसीत बल्ब तपासते.
लावायचा, पेटतो का बघायचं, काढायचा, खोक्यात.
त्यावर तिने लिहिलं
‘हजार दिवे लावून आई
अंधारात घरी येते’
आणि ते गाणं रिक्षा स्टँडवर गेलं,
कल्याणच्या डेपोत गेलं,
पुढे कुठे गेलं ते मला विचारू नका,
माझा फोन बटणांचा आहे.

ठाण्याहून बोलावणं आलं.
मोठं नाट्यगृह, लाल खुर्च्या, गारठा.
त्यांनी नऊवारी काढून ठेवली होती, नथ,
मागच्या पडद्यावर रंगवलेली बैलगाडी.
म्हणाले, गावाकडचं काहीतरी म्हण, मातीतलं.
ती म्हणाली, बल्बचं म्हणते.
ते म्हणाले, अगं, मातीतलं.
ती म्हणाली, आमच्या मातीत आता हेच पिकतं.
(हे तिच्या भावाने सांगितलं. तो वाढवून सांगतो.
पण नथ तिने घातली नाही, हे फोटोत दिसतं.)

मी त्या दिवशी धसईला, भूमिपूजनाच्या मांडवात.
साडेसातला फोन.
काका, इथे काहीच वाजत नाही.
एवढी महागाची शांतता आहे,
सूर कुठून उचलू?
मी म्हटलं, ते तुझं सूर जुळवायचं यंत्र?
म्हणाली, ते हिरवा दिवा दाखवतं, काका, बोलत नाही.

मग मी अध्यक्षांचा माईक खाली ओढला,
गुडघ्यावर बसलो,
फोन अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला लावला,
जिथे तो गरम असतो, धूळ जळल्याचा वास येतो.
वर अध्यक्ष टकटक करत होते, हॅलो, हॅलो,
आणि खाली आम्ही तिघं
गप्प, एका सुरात.
मिळाला, म्हणाली,
आणि ठेवला.

त्या मांडवाचे पैसे मला अजून मिळाले नाहीत.

परवा पंक्चरवाल्याकडे तिचं गाणं लागलं होतं.
ठाण्यातल्या स्टुडिओत झालेलं, स्वच्छ,
सगळी खरखर धुऊन काढलेली.
पोरगा म्हणाला, शेठ, काय आवाज आहे ना!
मी म्हटलं, हवा जरा कमी भर.

वायरमन येऊन दुकान बघून गेला.
म्हणे, मागे खड्डा खणतो, मीठ-कोळसा घालतो,
दीड हजारात गुणगुण कायमची जाईल.
मी म्हटलं, पाऊस उघडू दे, बघू.
दोन पाऊस झाले त्याला.